तळकोंडला आमसूल आधी का पडतं

मंडळी, समोरच्या चुलाणावरचा तो हंडा सकाळपासून उकळतोय. तुम्ही आल्यापासून सारखं विचारताय, जेवण कधी. विचारा, माझी काही हरकत नाही, पोटात कावळे ओरडायला लागले की माणूस विचारणारच. पण आजच्या दिवशी तळकोंडात या प्रश्नाचं उत्तर कोणी देत नाही. उत्तर ठाऊक नाही असं नव्हे, द्यायचं नाही अशी इथली रीत आहे.

मला इथे गोमातात्या म्हणतात. आल्यागेल्याला ही हकीकत सांगायचं काम माझ्याकडे आहे. बाकीचे लाकडं फोडतात, पाणी भरतात, पत्रावळ्या मांडतात. मला आता कोणी काम सांगत नाही. तोंड तेवढं शाबूत आहे, ते गावाने कामाला लावलं.

मघाशी या ताई हंड्यात डोकावल्या आणि म्हणाल्या, आजोबा, आमसुलं आधीच टाकलीत, मग वाल शिजायचे कसे? ताई, तुमच्या हाताला चव असणार, हे मी तेव्हाच ओळखलं. तुमचं अगदी बरोबर आहे. वालाची आमटी घरी करायची ती अशी नव्हेच. सुके वाल आदल्या रात्री भिजत घालावेत, सकाळी उपसून फडक्यात बांधावेत, मोड आले की कोमट पाण्यात टाकून सोलावेत. तेलात मोहरी-हिंगाची फोडणी करावी, ठेचलेला लसूण लाल होऊ द्यावा, त्यावर वाल परतावेत आणि गरम पाणी घालून मंद आचेवर सोडून द्यावेत. दाणा बोटात धरला तर दबला पाहिजे. मग खोबऱ्या-जिऱ्याचं वाटण, मीठ, गुळाचा खडा, आणि सगळ्यांत शेवटी आमसूल. आंबट आधी पडलं की दाणा हट्टाला पेटतो. मग दिवसभर जाळ घाला, तो आतून खडाच राहतो. आमच्या पोरी चुलीपाशी बसायला लागल्या की पहिलं हेच शिकतात.

वर्षभर आम्हीही अशीच करतो. फक्त होळीनंतरच्या पहिल्या सोमवारी, म्हणजे आज, सगळ्या गावाचा वाल एका हंड्यात पडतो, न भिजवता, आणि आमसूल पाण्याबरोबरच जातं. घाबरू नका. हे कडक वाल दोनच घास खायचे असतात. नंतर घरोघरी केलेली नीट मऊ आमटी आणि भात आहे.

आणि हो, तुमची दुसरी तक्रारही माझ्या कानावर आली. पाठीमागे एवढा थोरला सह्याद्री, आणि आम्हाला नदीकडे तोंड करून, ऊन डोळ्यांवर घेत का बसवलंय? फोटो काढायला आलेल्या माणसाला हे जाचतं, मला कळतं. पण वळू नका. आज पंगतीतलं कोणीच वळत नाही. का, तेच सांगतो.

ही गोष्ट किती जुनी, ते मला विचारू नका. माझ्या आज्याने ऐकली तेव्हाही ती जुनीच होती म्हणे. त्या काळी खाडीपासून घाटमाथ्यापर्यंत अंमल कोणाचा, हे दर पावसाळा सरला की नव्याने विचारावं लागे. फौजा यायच्या, जायच्या. अशीच एक फौज तोफा घेऊन आमच्या नदीकाठी येऊन थांबली. तिचे बैल वाटेत मेले होते, आणि तोफा ओढायला माणसं हवी होती.

वेठीला धरलेला माणूस परत आलेला कोणी पाहिला नव्हता. खालच्या गावातून आधी माणसं नेली होती, बाया-बापे दोन्ही. ज्यांचा दोर ओढता ओढता जीव गेला त्यांना वाटेतच टाकलं, असं सांगतात. म्हणून फौजेची तुकडी तळकोंडाकडे निघाली असं एका कोळ्याने धावत येऊन सांगितलं, तेव्हा गावाने विचार करत बसण्यात वेळ घालवला नाही. तांदूळ, कोंबड्या, पोरं, म्हातारी माणसं, जे उचलता आलं ते उचललं आणि गाव डोंगराला लागलं.

तुमच्या पाठीमागे जी घळ आहे तिला कोरडी नाळ म्हणतात. वर जायची तेवढीच एक वाट. नाळेच्या माथ्यावर दुसऱ्याची हद्द लागायची, तिथे ही फौज पाऊल टाकायची नाही. वाट बरीचशी रानातून जाते, खालून कोणाला दिसत नाही. पण माथ्याच्या अलीकडे एक उघडा कातळ आहे, आडवा, निसरडा. त्यावरून एकेकाने सरकत जावं लागतं. आणि कातळावरचं माणूस या अंगणातून स्वच्छ दिसतं. आजही दिसतं. म्हणून म्हटलं, वळू नका.

गावात आवडाई नावाची एक बाई होती. नवरा मागेच गेलेला. गावातलं लग्न असो की बारसं, चुलाणापाशी आवडाईच असायची. तिला एकच लेक, अनसू. ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि तिचे दिवस भरले होते. अनसू चालत होती, पण थोडं चालून झाडाला धरून उभी राहायची. गाव तिला टाकून जाणार नव्हतं, पण सगळ्यांच्या मागे तीच राहणार, हे आईला दिसत होतं. आणि तुकडीला गाव रिकामं दिसलं, तर ती तशीच डोंगरावर धावणार. घोडे नाळेत चढत नाहीत, पण धडधाकट माणूस दुपारच्या आत कातळ गाठतो. आधी कोण हाती लागलं असतं, हे सांगायला नको.

आवडाईने लेकीला सांगितलं, तू हो पुढे, मी दाराला कडी घालून आलेच. आणि ती मागे राहिली. तिने चार-पाच घरांत चुली पेटवून ठेवल्या, म्हणजे दुरून धूर दिसेल. मग गावाचा हंडा अंगणात काढला. तांदूळ सगळा वर गेला होता. राख लावून ठेवलेले वाल तेवढे घराघरांत राहिले होते. ते धुऊन तिने हंड्यात ओतले.

तुकडी आली. पंचवीस-तीस माणसं, त्यांचा एक जमादार, आणि मागून डोक्यावर पळ्या-झाऱ्यांचं गाठोडं घेतलेला एक आचारी. जमादाराने विचारलं, गाव कुठे आहे. आवडाईने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि खोटं बोलली. म्हणाली, आज आमच्या गावाचं एका हंड्यातलं जेवण असतं. सगळा गाव पलीकडच्या देवीला गेला आहे. आमटी व्हायच्या सुमाराला परततील आणि इथेच पंगत बसेल. तुम्हीही बसा, पाहुणे.

जमादाराला काय, आयतंच सापडलं. गावाच्या मागे धावायचं कशाला, गाव आपल्या पायांनी येणार. शिवाय तोफांपाशी रात्रीपासून कोणाच्या पोटात काही नव्हतं. तो म्हणाला, थांबतो. पण एक सांगून ठेवलं. आमटी झाली आणि गाव आलं नाही, तर गाव कुठे आहे ते तुझ्याकडून काढून घेईन. कसं काढून घेईन, हेही त्याने सांगितलं म्हणे. ते मी बायकामुलांसमोर सांगत नाही.

आता आवडाईची पंचाईत पाहा. आमटी होईल तितकाच वेळ अनसूला मिळणार होता. आणि आमटी न होऊ देणं तर तिला जन्मात जमलं नव्हतं. तिचा हात चांगल्याचाच होता. तिने पाणी ओतायचा बहाणा करून पाठ वळवली आणि ओचा भरून आमसुलं हंड्यात सोडली.

तिने माणसांना नदीकडे तोंड करून बसवलं. सकाळचं ऊन डोंगरावरून येतं, ते पाठीवर घेतलेलं बरं, म्हणून कोणी का म्हणून विचारलं नाही. हंडा उकळू लागला. वास सुटला. माणसं पोटावर हात फिरवत बसली. आवडाई जाळ सारत होती, पळी फिरवत होती, आणि मान वर करत नव्हती. डोंगर तिच्या समोर होता. नुसती नजर उचलली असती, तर कातळावर कोण आलं ते तिला दिसलं असतं. पण तिची नजर कुठे जाते ते पाहून तिथे पाहणारी पंचवीस-तीस माणसं समोर बसली होती. लेक पोचली की नाही, वाटेत पोट दुखायला लागलं की काय, यातलं काहीएक न कळता ती बाई दिवसभर हंड्यात बघत राहिली. आमच्याकडच्या बायका सांगतात, तिने केलं त्यात सगळ्यांत अवघड तेच.

दुपार झाली. जमादाराने एक दाणा मागवला, चावला, थुंकला. थोड्या वेळाने पुन्हा मागवला. मग त्याने आचाऱ्याला हाक मारली. बघ रे, ही बाई काय करतेय. एवढ्या वेळात घोड्याचा खुरसुद्धा मऊ झाला असता.

आचारी उठून चुलाणापाशी आला. उतारवयाचा, वाळका माणूस होता. हातांवर आचेचे जुने डाग होते, आणि अंगरखा सरकला तेव्हा आवडाईला त्याच्या खांद्यावरचा वळ दिसला. दोराचा. तोफ ओढणाऱ्याच्या खांद्यावर पडतो तसला. म्हणजे हाही कुठून तरी धरून आणलेलाच होता, पुढे कोणाला तरी त्याच्या हातची चव कळली आणि दोर सुटून पळी हातात आली.

त्याने पळीत दाणे घेतले, एक बोटात दाबला. दबला नाही. मग पळीतलं पाणी जिभेला लावलं. त्याला कळलं, हे आवडाईला त्याच्या तोंडाकडे पाहून कळलं. ज्याने जन्मभर रांधलं, त्याच्यापासून काय लपायचं होतं. ती हातातलं लाकूड तसंच धरून बसली. आता हा एक शब्द बोलेल आणि संपलं.

आचाऱ्याने तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या समोर पाहिलं, डोंगराकडे, अगदी क्षणभर. आणि जमादाराकडे न वळताच मोठ्याने म्हणाला, "वाल जुना हाय. पानी पन खारं. येळ लागंल."

जमादार चरफडला, पण बसला. आचारी चुलाणापाशीच उकिडवा बसला, जणू मदतीला. लाकडं नीट करता करता त्याने हळूच विचारलं, "आनखी हायत का आमसुलं?" घ्या दादा, म्हणत आवडाईने ओच्यातली उरलेली मूठ त्याच्या हातावर ठेवली. त्याने ती पळीआड हंड्यात सोडली. मग तो म्हणाला, "आमच्या गावालापन अशीच नाळ हाय. आमची मानसं निघाया उशीर झाला." एवढंच. आणि तो पुन्हा लाकडं सारू लागला.

सूर्य माथ्यावरून पुढे सरकला आणि खरी आफत तिथे आली. सकाळी पाठीवर असलेलं ऊन आता समोरून डोळ्यांत शिरायला लागलं, आत्ता तुमच्या शिरतंय तसं. माणसं हात आडवे धरू लागली, तोंडं फिरवू लागली. जमादार म्हणाला, उठा, पंगत फिरवा, डोंगराकडे तोंड करून बसू.

आवडाईला राहवलं नाही, असं सांगतात. त्या एका वेळी तिची नजर वर गेली. कातळावर माणसं होती. शेवटची दिसत होती ती एका हाताने पोट धरून, दुसऱ्या हाताने खडक धरून तसूतसूने सरकत होती. इतक्या दुरूनही आईने चाल ओळखली.

दोघे-तिघे शिपाई उठायच्या बेतात होते. तेवढ्यात आचाऱ्याने पळी हंड्याच्या काठावर आपटली आणि म्हणाला, "बसा. झाली आमटी. पानं वाढतोय." आणि वाट न बघता पत्रावळ्या टाकत, वाढत सुटला.

आपल्यात भरल्या पानावरून कोणी उठत नाही. तेव्हाही उठत नसत. लुटारू असला, शिपाई असला, तरी आईने पहिल्या घासाबरोबर शिकवलेलं माणूस विसरत नाही. समोर अन्न आलं आणि उठायला लागलेले खाली बसले. जमादारही बसला. डोळे बारीक करून, उन्हाकडे तोंड करून सगळे जेवू लागले. पंगतीत वाल फुटल्याचा आवाज यायला लागला.

जमादाराने दोन घास कसेबसे चावले. तिसऱ्याला दात दुखावला आणि त्याने पत्रावळ लाथाडली. विचारलं, आंबट आधी कोणी टाकलं? चव घेतल्यावर तेवढं त्यालाही कळलं होतं.

आवडाईच्या ओठांवर आलं होतं, मी. पण ती बोलली असती तर पुढचा प्रश्न होता, का. आणि का, ते वर कातळावर होतं. तेवढ्यात आचारी म्हणाला, "माज्या हातनं पडलं. बाई म्हनत व्हती अजून व्हायचीय. मीच घाई केली."

त्याला तिथेच, या अंगणात, बेदम मारलं. सगळे त्या माराकडे बघत होते. आवडाईने मान वर केली. कातळ मोकळा होता. लेक पलीकडे गेली होती. तेव्हा ती पुढे झाली, आता बोलायला काही अडकत नव्हतं, आता सांगायचं होतं की हे मी केलं. आचाऱ्याने तिला येताना पाहिलं. तो म्हणाला, "आई, पानी दे." तिने पाणी आणलं, तो प्यायला, आणि तांब्या परत देताना त्याने मान हलवून तिला नको म्हणून सांगितलं. ती गप्प राहिली. पुढे जगली तोवर या गप्प राहण्याचं तिला वाईट वाटत राहिलं म्हणे, आणि लेकीचं तोंड पाहिलं की बरंही वाटायचं. दोन्ही खरं असावं.

दिवस कलला होता. नदीकाठी तोफा थोड्या पहाऱ्यावर सोडून आलेल्या, पोटं रिकामी. जमादाराला रात्री इथे राहण्याची हिंमत नव्हती. आमटीही व्हायची आहे आणि गावही यायचं आहे, उद्या येतो, म्हणाला. आचाऱ्याचे हात बांधून त्याला घोड्यामागे चालवत ते निघाले. दुसऱ्या दिवशी खरंच आले आणि घरं जाळून गेले. पण घरात कोणी नव्हतं. आवडाई त्याच संध्याकाळी नाळ चढली. माथ्यावर करवंदीच्या जाळीत अनसू बाळंत झाली होती, मुलगा. तो पुढे आजोळीच राहिला. आमच्या गावातली निम्मी घरं स्वतःला त्या पोराची म्हणवतात. माझंही घर म्हणवतं. बाकीची निम्मी म्हणतात, आम्हीही त्या दिवशी नाळेतच होतो, आमचाही तेवढाच मान. यावरून दर साली एकदा भांडण होतं. आज सकाळीही झालं.

गाव परत वसलं. पुढच्या वर्षी होळीनंतरचा तो सोमवार आला तेव्हा आवडाईने हंडा बाहेर काढला आणि प्रत्येक घरातून वाल मागितले. आमच्यात असं एका हंड्यातलं जेवण कधीच नव्हतं. ते तिने जमादाराला सांगितलेलं खोटं होतं. गावाने ते खरं करायचं ठरवलं. आचाऱ्याने ज्या खोट्याला साथ दिली, ते खोटं राहू द्यायचं नाही, असं ती म्हणाली. तेव्हापासून आमसूल आधी पडतं, पाठी डोंगराकडे होतात, आणि जेवण कधी, हे कोणी सांगत नाही.

पुढे त्या माणसाचं काय झालं? कोणाला माहीत नाही. मारून टाकला म्हणतात, पुन्हा दोराला जुंपला म्हणतात. फौज तशीच कुठेतरी गेली आणि मोडली. नाव आवडाईने विचारलं नव्हतं. ती त्याला दादा म्हणाली, तो तिला आई म्हणाला. त्याच्या गावालाही नाळ आहे, एवढीच खूण.

आणि आम्हाला वाटतं, त्याच्या घरी काय सांगत असतील? आपला माणूस फौजेबरोबर गेला, शिपायांना रांधून घालत राहिला, घरच्यांची त्याला आठवण राहिली नाही. असंच सांगत असतील. दुसरं सांगायला त्यांच्याकडे कोण गेलंय? आवडाई मरताना हेच म्हणाली म्हणे, त्याच्या घरी कोणीतरी कळवा.

म्हणून आजही या हंड्यातली पहिली वाटी तळकोंडचा माणूस खात नाही. ती बाहेरून आलेल्याला देतात, आणि देताना गाव विचारतात. तुम्हालाही विचारणार. मुंबई, पुणे सांगू नका, मूळ गाव सांगा. डोंगराला लागून आहे का? वर जायला नाळ आहे का? तुमच्यात कोणी म्हातारं माणूस सांगतं का, की फार मागे एकाला वेठीला धरून नेला, हाताला फार चव होती त्याच्या, आणि तो परत आला नाही?

घ्या, ताई. वाटी गरम आहे, पदराने धरा. आता सांगा, गाव कोणतं?